दुसऱ्या पाठानंतर

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि हातमोजे, दोन्ही पोहोचले. डावा हातमोजा उजव्यापेक्षा बोटभर मोठा आहे. विणताना डोळ्यांत थेंब घातले नव्हतेस हे न सांगता कळलं. तरी घालतो आहे. रात्री खोली गार पडते आणि इथल्या खिडक्यांना बंद होण्याची मुळीच आवड नाही.

पाळक म्हणून येऊन आता बरेच दिवस झाले आणि मी एक उद्योग सुरू केला आहे. तो ऐकून तू आधी हसशील आणि मग चुका काढशील. आपल्या जुन्या प्रार्थनापुस्तकात बारीक अक्षरांत एक सूचना आहे. रविवारी संध्याकाळच्या उपासनेत बायबलमधला दुसरा पाठ वाचून झाला की पाळकानं मुलांना पुढं बोलवावं आणि सगळ्या मंडळीसमोर प्रश्नोत्तरी शिकवावी, विचारावी. इथं ती सूचना कुणी पाळल्याचं आजच्या पिढीला आठवत नाही. मुलांना एका बाजूच्या खोलीत कोंबून काहीतरी घोकून घेत असत, तेही बंद पडलं होतं. मार्चच्या शेवटी बिशपसाहेब दृढीकरणाला येणार. त्यांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मुलांना प्रभुभोजनाची भाकर घ्यायला वेदीपुढच्या कठड्याशी येता येत नाही, आणि मुलांना तर विश्वासाच्या नावानं आनंदीआनंद. म्हटलं, पुस्तकात सांगितलंय तेच करू या. आता दुसरा पाठ संपला की मुलं पुढच्या चटईवर उभी राहतात, मी विचारतो आणि ती एका सुरात उत्तर देतात. छप्पर दणाणतं. मला तर फार आवडलंय.

सगळ्यांना आवडलेलं नाही. विरोधकांचे पुढारी आहेत आमचे कारभारी. व्यवसायानं बुकबाइंडर, वय सत्तरीपलीकडचं, बायको जाऊन काही वर्षं झालीत. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून मुलं त्यांना किल्लीकाका म्हणतात, आणि हळूहळू मोठेही म्हणायला लागले. चर्चची सगळी पुस्तकं त्यांच्या हातची शिवलेली. इतका निष्ठावान माणूस मी पाहिला नाही. प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा दार सोडत नाहीत, कुणी मध्येच येऊन गडबड करू नये म्हणून. त्यांचं म्हणणं असं, की उपासना लांबते, दिवे जास्त वेळ जळतात, मुलांच्या पायांनी चटई मळते, आणि शेवटी असंही म्हणाले की मुलांना चारचौघांत उभं करून विचारणं काही बरं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पंच कमिटी बसेल तेव्हा हे बंद करायचा ठराव ते आणणार आहेत. मागच्या पाळकांच्या वेळी त्यांनी आणलेला एकही ठराव पडला नव्हता म्हणे. असू दे. हा पडेल. मी वेळ कमी करतो, चटई स्वतः झाडतो, बघूच.

कळावे. लोभ आहेच, रागावलीस तरी उत्तर मात्र लगेच यावं.

तुझा
धाकटा


ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हातमोज्यांबद्दल तक्रार करणाऱ्याला पुढच्या वर्षी मफलर मिळेल, आणि तोही दोन्ही टोकांना वेगवेगळ्या रुंदीचा.

तुझा उद्योग मला पसंत आहे. हसले नाही. चुका मात्र काढणार, कारण सारं आयुष्य वर्गात काढून दुसरं काही येत नाही. एका सुरातल्या उत्तराची मला काडीची किंमत नाही. मी शाळेत शिकवत होते तेव्हा एका सुरात पाढे म्हणणाऱ्या वर्गात निम्मी मुलं नुसतं तोंड हलवायची. तूही हलवायचास, मी घरी पकडलं होतं. एकेकाला विचार. नाव घेऊन, डोळ्यांत बघून विचार आणि थांब. उत्तर यायला वेळ लागला तर तुझं तोंड बंद ठेव. हे तुला सगळ्यांत जड जाईल, लहानपणापासून जातंय.

दुसरं असं, की एखाद्या पोराला उत्तर येत नसेल किंवा पटत नसेल तर त्याला घरी जाऊन विचार करायला सांग आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचार. सगळ्यांसमोर कुणाचा पाणउतारा झाला तर तुझं सगळं मुसळ केरात. आणि मोठ्यांनाही जरा मध्ये घे. बाकांवर बसून कौतुकानं मान डोलावणाऱ्यांना अधूनमधून एखादा प्रश्न टाक. ते चुकले की मुलांना हुरूप येतो.

किल्लीकाकांची काळजी करू नकोस. चटई आणि दिवे ही माणसं पुढं करतात तेव्हा खरी गोष्ट चटईखाली असते. ती अजून मला दिसत नाही.

थेंब घालते आहे. शेजारच्या मुलीला भागाकार शिकवते, ती माझ्यावर लक्ष ठेवते. स्वेटर घालत जा. लोभ आहे, त्यात तुझ्या उत्तरानं भर पडावी.

तुझी
ताई


ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सप्रेम सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी देतो, कारण वाईट बातमी मोठी आहे.

तू सांगितलंस तसं एकेकाला विचारायला लागलो. पहिल्या रविवारी छप्पर मुळीच दणाणलं नाही. पण हळूहळू मुलं खरंच बोलायला लागली. मागच्याच्या मागच्या रविवारी शिंपीणबाईंच्या मुलीची पाळी होती. ही कार्टी प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारते, घरातले तिला प्रश्नावलीच म्हणतात. प्रश्न तुला ठाऊक आहे. तू तान्ही होतीस तेव्हा बाप्तिस्म्याला तुझ्या वतीनं धर्मपिता आणि धर्ममाता यांनी शब्द दिला, की ही वाईटाकडे पाठ फिरवील, विश्वास धरील, देवाच्या आज्ञा पाळील. तो शब्द पाळणं तुझ्यावर बंधन आहे असं तुला वाटतं का? पुस्तकातलं उत्तर सरळ होय आहे. ही पोरगी म्हणाली की अजून नक्की सांगता येत नाही, विचार करावा लागेल. लोक हसले. शिंपीणबाईंनी डोळे वटारले. मी तुझं स्मरण केलं, तोंड बंद ठेवलं, आणि मग तिला म्हटलं की बरं, सावकाश विचार कर, झाला की एखाद्या रविवारी सांग. ती शांतपणे जागेवर गेली. ताई, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या बरं वाटण्यातच घोटाळा झाला. हुरूप आला आणि मी मोठ्यांकडे वळलो. हाच प्रश्न बाकांना टाकला. कमिटीतले दाताचे डॉक्टर छताकडे बघायला लागले, त्यांच्या बायकोला रुमाल सापडेना. मला वाटलं, विरोधकांच्या पुढाऱ्यालाच आपल्यात ओढावं. त्यांना नक्कीच येत असणार, उत्तर देतील, सगळे खूश होतील. मी किल्लीकाकांना नाव घेऊन विचारलं.

ते दाराजवळच्या बाकावरून उठले आणि मधल्या वाटेनं सरळ पुढं आले. मला वाटलं उत्तर द्यायला येताहेत. त्यांनी कमरेचा जुडगा सोडला, पहिल्या बाकावर ठेवला, वळले आणि बाहेर निघून गेले. चर्चभर त्यांच्या बुटांचा आवाज घुमला. पुढची प्रार्थना मी कशी म्हटली ते आठवत नाही.

मागच्या रविवारी आमची काय त्रेधा उडाली ते विचारू नकोस. कुठली किल्ली कशाची हे जगात एकाच माणसाला ठाऊक. दाताच्या डॉक्टरांनी धंद्यातल्या सवयीनं एकेक कुलूप तपासलं आणि बाहेरच्या दाराखेरीज एकही निघालं नाही. झग्यांचं कपाट बंदच राहिलं. मी तू विणलेला स्वेटर घालून संध्याकाळची उपासना चालवली. घंटेच्या खोलीला बाहेरूनच नमस्कार केला.

त्यांच्या दुकानात जाऊन माफी मागून आलो. त्यांनी स्टूल पुढं केलं, चहा मागवला, आणि सुईत दोरा ओवून आमचीच प्रार्थनापुस्तकं शिवत बसले. मी जुडगा पुढं केला तर हात कामात आहेत म्हणाले. आता सगळी कमिटी त्यांच्या बाजूची. म्हाताऱ्या माणसाचा मी सर्वांसमोर अपमान केला असं बोललं जातं, आणि ते खोटं तरी कुठं आहे? ठराव मंजूर होणार, हे चिमणीलाही कळतंय. मुलांचं वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर काकांचं जास्त वाटतं.

लोभ असू दे, सध्या त्याची गरज आहे.

तुझा
धाकटा


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मोठ्यांना प्रश्न टाक म्हणाले होते. एकाला नेम धरून मार असं म्हणाले नव्हते. पण निम्मा आगाऊपणा माझाही आहे, तेव्हा तुला निम्मंच रागावते. रागावून झालं.

आता नीट वाच. तुझं पहिलं पत्र मी पुन्हा काढलं. तू लिहितोस की प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा हा माणूस दार सोडत नाही. अरे शहाण्या, मग तो कठड्याशी येतो कधी? तू त्याला एकदा तरी भाकर दिली आहेस का? आठवून बघ. मागच्या पाळकांनी दिली असेल का? मला वाटतं, कुणीच दिलेली नाही. जो माणूस मंडळीची सगळी कुलपं सांभाळतो त्याला तुम्ही आत का येत नाही असं विचारायचं कुणाच्या मनात यायचं? माझी खात्री आहे की त्यांचं दृढीकरण झालेलंच नाही. आणि मुलांना चारचौघांत उभं करू नये असं जो म्हणतो, तो कधीतरी स्वतः उभा राहिलेला असतो.

आता तू काही करू नकोस. माफी मागून झाली, पुरे. रविवारी मुलांना विचारत राहा, जसं त्या प्रश्नावलीला विचारलंस तसं. मी त्यांना पत्र घालते आहे. म्हाताऱ्या मास्तरणीवर म्हातारे लोक सहसा चिडत नाहीत.

स्वेटर उपासनेत शोभून दिसला असेलच.

तुझी
ताई


ता. १९ फेब्रुवारी

स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही. आपल्या पाळकांची मी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळं त्याला वाढवलं मीच, तेव्हा त्याच्यात जे काही कमी आहे त्याची जबाबदारी माझी. आपल्याला त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, ती कल्पना मुळात माझ्या डोक्यातली. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

मी आडवळणानं बोलत नाही, म्हणून सरळ विचारते. रागावलात तर पत्र चुलीत घाला. आपण प्रभुभोजनाच्या वेळी दाराशीच का थांबता? आपल्याला आत यायचं आहे का? यायचं नसेल तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही, भावालाही काढू देणार नाही. यायचं असेल तर उशीर झालेला नाही, हे सांगायला वयानं मोठं माणूस लागतं. मी आपल्याहून फार लहान नाही.

कळावे. ओळख आजची असली तरी लोभ धरावा.

आपली
पाळकांची ताई


ता. २६ फेब्रुवारी

आदरणीय बाईंस,
कृ. सा. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. चुलीत घातले नाही. दोन दिवस दाबयंत्राखाली पुस्तकांबरोबर ठेवले होते. सरळ विचारलेत, सरळ सांगतो.

मी लहान असताना इथे प्रश्नोत्तरी अशीच दुसऱ्या पाठानंतर होत असे. आजच्या मंडळींना ते ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. माझी पाळी आली तेव्हा तोच प्रश्न होता. माझ्या बाप्तिस्म्याला शब्द दिला होता माझ्या मामांनी. त्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्या आईला आमच्यासमोर वाटेल तसे बोलून रडवले होते. मला विचारले की मामांनी दिलेला शब्द तुझ्यावर बंधन आहे असे तुला वाटते का. मी नाही म्हणालो. मोठ्याने म्हणालो. लोक हसले, मामा उठून उभे राहिले, आणि त्या वेळच्या पाळकांनी मला सांगितले की जागेवर जा आणि शहाणपण आले की ये. मला शहाणपण केव्हा आले ते कुणी विचारायला आले नाही, आणि मीही मानी, आपण होऊन गेलो नाही.

पुढे मोठा झालो, किल्ल्या माझ्याकडे आल्या. दार सांभाळणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, हे मला सोयीचे पडले. लग्नानंतर माझी पत्नी दर वेळी कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात गुडघे टेकायची आणि उठताना एकदा दाराकडे बघायची. बोलली कधी नाही. ती गेल्यावर ते बघणे मला जास्त बोचू लागले.

इतकी वर्षे ती पुस्तके शिवतो आहे. त्या प्रश्नाच्या पानाशी आलो की सुई थांबते. त्या दिवशी आपल्या बंधूंनी मला विचारले तेव्हा खोटे होय म्हणायचे नव्हते, आणि नाही हे आता खरे राहिले नव्हते. म्हणून बाहेर पडलो. अपमान वगैरे काही झाला नाही, कमिटीला उगीच ऊत आला आहे. उलट त्यांनी त्या शिंप्याच्या पोरीला विचार करायला वेळ दिला ते मी दाराशी बसून पाहिले. मला कुणी असा एक रविवार दिला असता तर मी इतका दारात राहिलो नसतो, असे घरी जाताना वाटले आणि वाटेत थांबावे लागले.

होय, मला आत यायचे आहे. पाळकसाहेबांना मीच भेटतो. आपण त्यांना आधी कळवू नये, ही विनंती. आपल्या प्रार्थनापुस्तकाची बांधणी सुटली असल्यास पाठवून द्यावे.

आपला नम्र
किल्लीवाला


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सप्रेम सा. न. वि. वि.

तुला बरंच आधीपासून ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस! तुझ्या पोटात गोष्ट राहते हे मला या वयात कळतंय. असो. आता क्रमानं लिहितो.

कमिटीच्या आधीच्या शनिवारी किल्लीकाका घरी आले आणि सगळं बोलले. मग पुस्तकातली सूचना दाखवून म्हणाले की उद्या मुलांबरोबर मलाही उभं करा. मी म्हटलं, तुमचं इथं घरात ऐकतो, सगळ्यांसमोर कशाला? तर म्हणाले की नाही हे सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तेव्हा होय हेही तिथंच म्हणायला हवं.

रविवारी दुसरा पाठ संपला. आधी प्रश्नावली पुढं आली. तिनं विचार पुरा केला होता. आपल्या धर्ममातेला, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, तिनं जाऊन विचारलं होतं की तुम्ही माझ्या वतीनं नेमकं काय कबूल केलंत, आणि त्या बाईंना पुस्तक उघडून बघावं लागलं. मुलीचं उत्तर होय असं होतं, पण आणखी काही शंका आहेत, त्या पुढच्या रविवारी विचारीन म्हणाली. लोक हसले, ती पण हसली. आणि मग दाराजवळच्या बाकावरून बुटांचा तोच आवाज आला. सगळ्या माना वळल्या. किल्लीकाका येऊन मुलांच्या रांगेत उभे राहिले, प्रश्नावलीच्या शेजारी.

मी थेट त्या प्रश्नाकडे जाणार होतो. त्यांनी हळूच सांगितलं की सगळ्यांना विचारता तसं सुरुवातीपासून विचारा. मग नावापासून विचारलं. दहा आज्ञांमध्ये एके ठिकाणी ते अडकले. ताई, मी तोंड बंद ठेवलं. शेजारच्या पोरीनं त्यांची बाही ओढून कुजबुजत शब्द सुचवला आणि गाडी पुढं सरकली. मग तो प्रश्न आला. तुझ्या वतीनं दिलेला शब्द पाळणं तुझ्यावर बंधन आहे असं तुला वाटतं का, असा प्रश्न आहे, आणि मी सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे कसं करू म्हणून तुमच्या वतीनं असं म्हणालो. ते होय म्हणाले. मोठ्यानं म्हणाले नाहीत, पण शेवटच्या बाकापर्यंत गेलं. ऑर्गनच्या बाई डोळे पुसत होत्या, त्यामुळं पुढचं स्तोत्र चुकीच्या सुरात सुरू झालं.

कमिटीत ठराव त्यांचाच होता, तो त्यांनीच मागं घेतला. एक अट मात्र घातली, की दिवे उगाच जळता कामा नयेत. दाताचे डॉक्टर म्हणाले की त्यांना तर आधीपासूनच ही पद्धत फार पसंत होती. किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला गेला आणि माझा झगा कपाटातून सुटला.

बिशपसाहेब आले. त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. किल्लीकाका मुलांच्या रांगेत शेवटचे होते. त्यांच्या डोक्यावर हात जरा जास्त वेळ राहिला असं मला वाटलं, पण माझे डोळे भरून आल्यामुळं मी खात्रीचा साक्षीदार नाही.

आणि काल सकाळी प्रभुभोजन होतं. मी वेदीशी होतो. लोक एकेक बाक करत येत होते, आणि सवयीनं माझं लक्ष दाराकडे गेलं. तिथं कुणी नव्हतं. खाली पाहिलं तर कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं त्यांची बायको गुडघे टेकायची तिथं, ते गुडघे टेकून होते. हात पुढं केलेले, एकावर एक, बोटांना अजून सरस चिकटलेला. मी भाकर ठेवली. उठताना त्यांनी एकदा मागं वळून दाराकडे पाहिलं.

दार सताड उघडं होतं. रस्त्यावरचं एक कुत्रं आत आलं, मुलांच्या चटईवर ऐसपैस पसरलं, आणि उपासना संपेपर्यंत त्याला कुणीही हाकललं नाही.

काकांनी तुझं प्रार्थनापुस्तक मागवलं आहे, न विसरता पाठव. थेंब घाल. लोभ तर आहेच, तो आता इथं आणखी एकाचा वाढला आहे, त्याचाही स्वीकार व्हावा.

तुझा
धाकटा